चौकातलं बूच

सायकल एकदा शिकली की माणूस ती कधी विसरत नाही, असं म्हणतात. हे बरोबर आहे. मी सायकल विसरलो नव्हतो. सायकल मला विसरली होती. बारा वर्षं जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभी असलेली बाई एकदम ओळख कशी दाखवणार? मी टायरमध्ये हवा भरली, घंटी वाजवून पाहिली (वाजली नाही, खाकरली) आणि सीटवरची धूळ पुसली. चेनकडे मात्र मी पाहिलंच नाही. ती चूक पुढे अंगाशी येणार होती.

ऑफिसातल्या एका उत्साही मुलीने मला यात ओढलं होतं. रविवारी सकाळी पाचशे-सहाशे सायकलवाले मिळून शहरातून फेरी काढणार होते. "काका, वेग अगदी कमी असतो हं, लहान मुलंसुद्धा येतात," ती म्हणाली. 'वेग अगदी कमी' हे ऐकून मी निर्धास्त झालो. खरं तर घाबरायला तिथेच सुरुवात करायला हवी होती. शाळेत स्लो सायकलिंगच्या शर्यतीत मी तीन वर्षं ओळीने पहिला आलो आहे. ज्यांना ही शर्यत माहीत आहे त्यांना कळेल, की त्यात पहिल्याला बक्षीस नसतं.

सायकल हे यंत्र मुळात हळू जाण्यासाठी नाहीच. चांगल्या वेगात ढकलून दिलेली रिकामी सायकल बराच वेळ स्वतःच तोल सांभाळत जाते. एका बाजूला पडू लागली की तिचं पुढचं चाक त्याच बाजूला वळतं आणि ती पुन्हा सरळ होते. चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून हे होतं, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०११ साली काही संशोधकांनी तो परिणाम मुद्दाम घालवलेली सायकल बनवली, तर तीही पडेना. थोडक्यात, सायकलला वेग हवा असतो. मी नसलो तरी तिचं चालतं. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने न्यायला लागलो, की मात्र तोल सांभाळायचं सगळं काम आपल्यावर येतं आणि हँडल दारू प्यायल्यासारखं डावी-उजवीकडे जाऊ लागतं.

जमण्याच्या जागी पोचलो तर मी सोडून सगळे सायकलवाले दिसत होते. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, माशीच्या डोळ्यांसारखे गॉगल, आणि बोटावर उचलता येतील अशा सायकली. एकाने माझी सायकल आदराने न्याहाळली आणि विचारलं, "व्हिंटेज आहे?" मी "हो" म्हटलं. दुसऱ्याने माझी सीट फार खाली असल्याचं निदान केलं. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, नाहीतर गुडघे जातात म्हणे. त्याने सीट वर करून दिली. माझे गुडघे वाचले, पण आता थांबल्यावर पाय जमिनीला टेकेनात. ज्या फेरीत दर वीस पावलांवर थांबायचं आहे, त्यात ही सुधारणा कशी पडली असेल याची कल्पना करा.

शिट्टी वाजली. सगळे "चला!" म्हणून ओरडले आणि कुणीही हललं नाही. पुढचे निघाले असावेत, पण ते निघाल्याची बातमी आमच्यापर्यंत यायला पाच-सहा मिनिटं गेली. मग अचानक समोर मोकळी जागा झाली, आम्ही जोरात पायडल मारलं, आणि लगेच सगळ्यांनी करकचून ब्रेक दाबले. मग पुन्हा तेच. जपानमध्ये काही शास्त्रज्ञांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. वाटेत अडथळा नाही, सिग्नल नाही, तरी थोड्याच वेळात तिथे ट्रॅफिक जाम झाला आणि तो लाटेसारखा मागे मागे सरकत राहिला. कुणीतरी एक जण किंचित कचरतो, त्याच्या मागचा थोडा जास्त कचरतो, त्याच्या मागचा थांबतोच. आमच्या फेरीत तो पहिला कचरणारा कोण होता हे मी सांगू शकतो, पण सांगणार नाही.

घोळक्यात चालवण्याचे आणखीही कायदे असतात. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचं नाही, कारण तो जरा वळला की आपण आडवे. खड्डा दिसला की हाताने खाली दाखवायचा, म्हणजे मागच्यांना कळतं. हा दुसरा कायदा मला विशेष जाचक वाटला. माझे दोन्ही हात हँडलवर असताना मी कसाबसा सरळ जात होतो. एक हात सोडून खड्डा दाखवायला गेलो की हटकून त्याच खड्ड्यात जायचो. मागच्यांना खड्डा कळत होता, हे खरं.

शेजारून जाणारा एक हसतमुख गृहस्थ घोळक्याचे फायदे सांगत होता. मोठ्या घोळक्याच्या मध्यभागी वाऱ्याचा विरोध फार कमी होतो. १२१ सायकलपटूंच्या ताफ्याचा अभ्यास झाला आहे, त्यात आतल्यांना एकट्याच्या तुलनेत ५ ते १० टक्केच विरोध सोसावा लागतो, वगैरे. मी मान डोलावली. माझ्या वेगाला विरोध करण्याच्या भानगडीत वारा मुळी पडतच नव्हता.

अशा फेऱ्यांचं मूळही त्यानेच सांगितलं. सप्टेंबर १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पन्नासेक जण ऑफिस सुटल्यावर एकत्र सायकलने निघाले. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारचा हा प्रकार पुढे 'क्रिटिकल मास' म्हणून जगभर पसरला. चीनमध्ये सिग्नल नसलेल्या चौकात सायकलवाले पुरेसे जमेपर्यंत थांबत आणि मग सगळे मिळून घुसत, या तेव्हाच्या निरीक्षणावरून ते नाव आलं. सुरुवातीचं नाव मात्र 'कम्यूट क्लॉट' असं होतं, म्हणजे रहदारीतली गुठळी. मला ते पहिलं नाव जास्त पटलं. नाव पटण्याचं कारण पुढच्याच चौकात घडलं.

चौकात समोर कुणीतरी पुन्हा कचरलं. तोल सावरायला मी पायडल उलटं फिरवलं. बारा वर्षांत सैल पडलेल्या चेनला तेवढं निमित्त पुरलं. खळ्ळ असा आवाज झाला, पाय रिकामे फिरले, आणि उंच सीटवरून मी एका टॅक्सीच्या समोर, आडव्या सायकलसकट, उभा राहिलो. टॅक्सीच्या मागे बस, बसच्या मागे बहुधा सारं शहर. हॉर्न सुरू झाले. मला बाजूला व्हायचं होतं, पण चेन मागच्या चाकात अशी अडकली होती की सायकल पुढेही जाईना आणि मागेही. मी दोन्ही हात वर करून टॅक्सीवाल्याला 'थांबा, माझा इलाज नाही' अशी खूण केली.

आणि माझ्या पाठीमागून अख्खी फेरी वाहू लागली. जाणारा प्रत्येक जण मला हात करत होता. "थँक्यू काका!" "भारी काका!" एका आजींनी घंटी वाजवून आशीर्वाद दिला. मला काही कळेना. मग शेजारच्या रस्त्याच्या तोंडाशी पिवळं जॅकेट घातलेला एक मुलगा माझ्यासारखाच हात वर करून गाड्यांसमोर उभा दिसला, आणि उलगडा झाला. फेरी मध्ये तुटू नये म्हणून काही जण आडव्या रस्त्यावरच्या गाड्या अडवून धरतात. याला ते लोक 'कॉर्किंग' म्हणतात, म्हणजे रस्त्याला बूच लावणं. मी न मागता बूच झालो होतो. पन्नाशीत माणसाला कशातही प्रावीण्य मिळालं तरी नाही म्हणू नये. मी छाती पुढे काढली आणि टॅक्सीवाल्याकडे जरा करारी नजरेने पाहिलं. त्याने हॉर्न वाजवणं सोडून इंजिन बंद केलं.

शेवटचा सायकलवाला गेला. सगळ्यात मागून, कुणी राहिलं का ते बघत येणारा एक जण माझ्यापाशी थांबला. त्याने चेन आधी मागच्या दात्यांवर बसवली, पुढच्या चक्रावर खालून अडकवली आणि पायडल हाताने फिरवलं. चेन मुकाट्याने जागेवर. मग त्याने आपला काळाकुट्ट हात माझ्या काळ्याकुट्ट हातात दिला.

"अहो, इतक्या मोठ्या चौकात एकटे उभे राहिलात! आमची पोरं दोघं-दोघं उभी राहतात. पुढच्या वेळी याल का? जॅकेट देतो, शिट्टी देतो."

"सायकल चालवावी लागते का त्यात?" मी विचारलं.

"फारशी नाही. चौकातच उभं राहायचं."

पुढच्या फेरीच्या आदल्या रात्री मी जॅकेट घालून आरशासमोर हात वर करून पाहत होतो. बायको म्हणाली, "अहो, ती चेन आवळून आणा की. निदान तेल तरी घाला."

मी म्हटलं, "राहू दे. वेळेला उपयोगी पडते."