फॉर्म्युल्याने म्हणे बॉक्सिंगचा वाद मिटवला

नाशकातल्या जिमवाल्यांच्या, तालमीतल्या पोरांच्या आणि आता तर सोसायटीच्या ग्रुपवर पण एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. म्हणे जगातला सगळ्यात भारी बॉक्सर कोण हा वाद कायमचा मिटला, गणिताच्या फॉर्म्युल्याने हजारो बॉक्सरांचा हिशोब करून पक्की यादी काढलीय, त्यात ना जजची मर्जी चालते ना प्रमोटरचा पैसा. चेसमध्ये रेटिंग चालतं मग इथे का नको, अ ने ब ला मारलं आणि ब ने क ला मारलं की अ हा क पेक्षा मोठा, जो कधी हरलाच नाही तो सगळ्यात वर, आणि शेवटी ठळक अक्षरात "आकडे खोटं बोलत नाहीत". खाली हात जोडलेला इमोजी, पुढे पाठवा.

आधी फॉरवर्डच्या बाजूने बोलतो, कारण त्यातली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे, माणसांनी काढलेल्या रँकिंगची काही इज्जत राहिलेली नाही. प्रो बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संघटना, प्रत्येकीचा वेगळा बेल्ट, वेगळी यादी, वर वजनगट सतरा, म्हणजे एकाच वेळी जगज्जेते किती होऊ शकतात तो गुणाकार तुम्हीच करा. डब्ल्यूबीओने तर 2001 मध्ये डॅरिन मॉरिस नावाच्या सुपर मिडलवेट बॉक्सरला यादीत सातवरून पाचवर नेऊन ठेवला होता आणि तो बिचारा 2000 च्या ऑक्टोबरमध्येच वारलेला. मेल्यावर प्रमोशन! आयबीएफचा संस्थापक बॉब ली याच्यावर रँकिंगसाठी पैसे खाल्ल्याचा खटला चालला, 2000 मध्ये मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत तो दोषी ठरला. आणि 1977 मध्ये अमेरिकेत टीव्हीवर चालू असलेली एक मोठी स्पर्धा मध्येच बंद करावी लागली कारण 'द रिंग' मासिकाच्या नोंदींमध्ये काही जणांच्या नावावर कधी न झालेल्या फाइट घुसडलेल्या सापडल्या.

त्यामुळे यादी कॉम्प्युटरने काढली तर माझी काही तक्रार नाही, निदान तो मेलेल्याला वर चढवणार नाही. थांबा, तोही चढवू शकतो, काही फॉर्म्युल्यांमध्ये तुम्ही ज्याला हरवलं तो पुढे जिंकत गेला की तुमचाही आकडा वाढत जातो, मग तुम्ही रिटायर असा नाहीतर वैकुंठात.

आता चेसचं घ्या. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात येऊन चेसच्या रेटिंगचं उदाहरण देताय तर ते नीट तरी बघा. ही पद्धत आर्पाड एलो नावाच्या फिजिक्सच्या प्रोफेसरची, फिडेने, म्हणजे जागतिक चेस संघटनेने, ती 1970 मध्ये स्वीकारली. सूत्र अगदी साधं आहे, दोघांच्या रेटिंगमधला फरक घ्यायचा आणि त्यावरून कोणाला किती पॉइंट मिळायला पाहिजेत ते काढायचं. फरक 200 असेल तर वरच्याने शंभरातले साधारण 76 घ्यावेत, 400 असेल तर 91. मॅच झाली की अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं त्याला थोडं द्यायचं, दुसऱ्याचं तेवढंच काढायचं. एका गेममध्ये जास्तीत जास्त 32 पॉइंट हलू शकतात असं धरलं तर 1600 वाला 1400 वाल्याला हरवून जेमतेम 8 पॉइंट कमावतो आणि हरला तर 24 घालवून बसतो. संपलं गणित.

आता टोरांटोची 2024 ची कँडिडेट्स आठवा, जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी स्पर्धा. अमेरिकेच्या नाकामुराचं रेटिंग 2789, आपला विदित 2727, फरक 62, सूत्राप्रमाणे प्रत्येक गेममध्ये नाकामुराचा वाटा 59 टक्क्यांच्या आसपास. विदितने त्याला दोन्ही गेममध्ये हरवलं! मग रेटिंग चुकलं का? अजिबात नाही, कारण शेवटी नाकामुरा साडेआठ पॉइंटवर संयुक्त दुसरा होता आणि विदित सहा पॉइंटवर सहावा. रेटिंगने जे सांगितलं होतं ते सगळ्यांविरुद्ध मिळून, सरासरीने. या दोघांना समोरासमोर बसवल्यावर काय होईल ते त्याने कधी ठामपणे सांगितलंच नव्हतं.

शिवाय त्या एकाच स्पर्धेत प्रत्येकाला 14 गेम मिळाले, प्रत्येकाशी दोनदा, कोणाशी खेळायचं ते आधीच ठरलेलं, नको म्हणायची सोय नाही. कधीच न हरलेल्या अमेरिकन बॉक्सर मेवेदरच्या 1996 ते 2017 या काळात प्रो फाइट झाल्या 50. आणि त्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या नव्हत्या, मॅनेजर, प्रमोटर आणि टीव्हीवाले बसून ठरवतात कोण कोणाशी, कुठे, किती वजनाला लढणार ते. चेसमधला आकडा ज्या खतावर वाढतो तेच इथे नाहीये. मार्क ग्लिकमन याने एलोमध्ये सुधारणा करून ग्लिको नावाची पद्धत काढली, त्यात रेटिंगसोबत हा आकडा किती खात्रीचा आहे ते पण लिहावं लागतं, आणि माणूस खेळायचा थांबला की ही खात्री आपोआप कमी होत जाते. वर्षाला एक फाइट करणाऱ्या बॉक्सरला हे प्रामाणिकपणे लावलं तर चौथा आणि नववा यात फरक सांगता येणार नाही अशी वेळ येईल. मग फॉरवर्ड कसा बनणार, "चार ते नऊ यांच्यापैकी कोणीतरी"?

पण मला खरा राग येतो तो अ-ब-क वाल्या मुद्द्याचा, कारण बॉक्सिंगचा इतिहास थोडासुद्धा वाचला असता तर हे लिहायची हिंमतच झाली नसती. हेवीवेटचंच घ्या, 1971 च्या मार्चमध्ये जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरवलं. 1973 च्या जानेवारीत किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडून संपवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा फोडला आणि पॉइंटवर फाइट जिंकली. पुढच्या वर्षी काराकासला फोरमनने नॉर्टनलाही दुसऱ्याच राउंडला झोपवलं. मधल्या काळात अलीने नॉर्टन आणि फ्रेझर दोघांचे हिशोब चुकते केले हे खरं, पण पॉइंटवर, बारा बारा राउंड घाम गाळून. आता तुमचा कुठलाही फॉर्म्युला चालवा, फोरमन 40 पैकी 40 जिंकलेला, त्यातले 37 नॉकआउट, सगळे बाण एकाच दिशेला.

आणि 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासामध्ये काय झालं ते शेंबडं पोर पण सांगेल. अली दोरांना टेकून उभा राहिला, फोरमनला मारू दिलं, मार हातांवर आणि बरगड्यांवर झेलला, मध्येच चेहऱ्यावर एक-दोन सरळ पंच ठेवून दिले आणि समोरचा दमला तसा आठव्या राउंडला उचलून फेकला.

कोणी म्हणेल एकदाच झालं, फॉर्म्युला पुढच्या वेळी दुरुस्त होईल की. कसा होईल ते सांगा ना. अली-नॉर्टन तीन वेळा लढले, बारा, बारा आणि पंधरा, एकूण 39 राउंड, तिन्ही वेळा निकाल जजांच्या हातात, आणि 1976 ची तिसरी अली कसा जिंकला यावर आजही लोक भांडतात. फोरमनला तोच नॉर्टन पुरते दोन राउंड पुरला नाही. फ्रेझर 1976 मध्ये फोरमनसमोर परत आला आणि पाचव्या राउंडला परत गेला, पण 1975 मध्ये मनिलात हरता हरताही त्याने अलीची पार वाट लावली होती. नॉर्टनचे ते आडवे हात आणि जॅब अलीच्या टायमिंगला नडायचे, पण अंगावर चालून येणारा जोरदार मारणारा समोर असला की नॉर्टनकडे उत्तर नसायचं. हे गोल फिरणारं आहे आणि एकच आकडा म्हणजे सरळ शिडी, गोल गोष्ट शिडीवर मांडली की कोणावर तरी अन्याय होणारच. एकाऐवजी दोन-तीन आकडे देऊन स्टाइल पकडणारी गणितं पण आहेत, फक्त त्यांना डेटा कितीतरी जास्त लागतो आणि तो कुठून आणणार, हे लोक वर्षाला दोनदा लढले तरी खूप झालं.

पुढचा दावा, पक्षपात शून्य. अहो फॉर्म्युल्याला खायला काय घालता? निकाल. निकाल कोण देतं? रिंगच्या कडेला बसलेले तीन जज आणि आत उभा असलेला रेफरी. पिंपळगावच्या मार्केटात काटा कितीही इलेक्ट्रॉनिक असला तरी क्रेटच्या तळाला कसले टोमॅटो भरलेत ते काटा सांगत नाही. 17 मार्च 1990, लास वेगास, चावेझ विरुद्ध मेल्ड्रिक टेलर, बारावा राउंड, तीनपैकी दोन जजांच्या कार्डवर टेलर आरामात पुढे. शेवटच्या क्षणांत टेलर पडला, उठला, रेफरी रिचर्ड स्टील याने विचारलं, टेलरचं लक्ष आपल्या कॉर्नरकडे, आणि स्टीलने फाइट थांबवली. घड्याळात दोन सेकंद शिल्लक! स्टील बरोबर होता की चूक यावर तुम्ही रात्रभर वाद घाला (माझ्या मते टेलरची हालत बघता त्याला दोष देता येत नाही), पण फॉर्म्युल्याला फक्त एवढंच दिसतं की चावेझ जिंकला, तेही नॉकआउटने, आणि नॉकआउटला जादा मार्क देणारा फॉर्म्युला असेल तर वरून बोनस. 2017 ची कनेलो-गोलोव्हकिन बघा, एका जजने 118-110 कनेलोला दिले, दुसऱ्याने 115-113 गोलोव्हकिनला, तिसऱ्याने बरोबरी. कॉम्प्युटरने लिहिलं ड्रॉ, दोघांना अर्धा अर्धा, विषय संपला.

आणि फॉर्म्युल्याच्या आत पण माणूसच बसलेला असतो. नॉकआउटला किती वजन, जुनी फाइट किती वर्षांनी विसरायची, नवख्याला सुरुवातीला किती आकडा द्यायचा, हे सगळं कोणीतरी चहा पीत ठरवलेलं असतं. बॉक्सरेक या वेबसाइटचंच बघा, 2000 पासून प्रो फाइटच्या नोंदी ठेवतात, जबरदस्त काम आहे, मी स्वतः तिथेच पडीक असतो, पण त्यांनीही रेटिंगचा फॉर्म्युला वेळोवेळी बदललाय आणि बदलला की कित्येक वर्षांपूर्वी वारलेले लोक खालीवर होतात. रिंगमध्ये कोणी उतरलेलं नसताना.

"कॉम्प्युटरने सांगितलं" ही जादू तर खूप जुनी आहे. 1967 मध्ये मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन प्रोड्युसरने कॉम्प्युटरवर जुन्या-नव्या हेवीवेट चॅम्पियनांची रेडिओ स्पर्धा घेतली, त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला, अली भडकला आणि त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. मग तडजोड झाली आणि 1969 मध्ये अली आणि रॉकी मार्सियानो या दोघांना खरोखर स्टुडिओत आणून राउंड शूट केले, मार्सियानो विग घालून, वजन उतरवून आलेला. शेवट वेगवेगळे शूट करून ठेवले होते. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत दाखवलं तेव्हा मार्सियानो तेराव्या राउंडला नॉकआउटने जिंकला, आणि तो स्वतः ऑगस्ट 1969 मध्ये विमान अपघातात गेलेला होता. लोकांनी तिकीट काढून बघितलं भो.

अपराजित सगळ्यात वर, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. मेवेदरची पन्नासावी फाइट कॉनर मॅकग्रेगरशी झाली, ज्याची बॉक्सिंगमधली ती पहिलीच प्रो फाइट होती. नोंदीत मात्र ती एक पूर्ण विजय. थायलंडचा वानहेंग मेनायोथिन 54-0 पर्यंत गेला होता, मग तो मेवेदरपेक्षा मोठा म्हणायचा का? आणि इंग्लंडमध्ये पीटर बकलीसारखे लोक होते, 300 फाइट, त्यातल्या 256 हरलेल्या, तो हरण्यासाठीच बोलावला जायचा, म्हणजे नवीन पोरांना शिकायला आणि रेकॉर्ड गुबगुबीत करायला. उलट शुगर रे रॉबिन्सन 19 वेळा हरला, जिंकला 174 वेळा, आणि जाणकारांना विचारा पहिलं नाव कोणाचं घेतात.

वजनगटाची भानगड वेगळीच. 105 पौंडवाला आणि 200 पौंडांच्या वरचा कधी लढणारच नाहीत, त्यांच्यामध्ये सामाईक प्रतिस्पर्धी जवळपास नाहीत, तरी एका यादीत वरखाली लावायचे म्हणजे मधला पूल अंदाजाने बांधायचा.

हाच पुलाचा घोळ आपल्या विजेंदर सिंगच्या बाबतीत झाला, कारण फॉरवर्डच्या एका आवृत्तीत भारतीय बॉक्सर जगात कितवे ते पण छातीठोक लिहिलंय. विजेंदर 2015 मध्ये मँचेस्टरला प्रो झाला, 2016 मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचा एशिया पॅसिफिक बेल्ट घेतला, पुढच्या वर्षी मुंबईत झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं, करत करत 12 पैकी 12. फॉर्म्युला खूश, आपण पण खूश. मार्च 2021 मध्ये पणजीत, कॅसिनोच्या जहाजाच्या डेकवर, समोर रशियाचा अर्तिश लोपसान, ज्याच्या नावावर तोवर सहाच फाइट होत्या आणि त्यातही एक हरलेली, एक ड्रॉ. पाचव्या राउंडला विजेंदर संपला. सहा फाइटवाल्याबद्दल फॉर्म्युल्याला काय कळणार होतं, आणि पस्तिशीतला विजेंदर 2019 च्या नोव्हेंबरपासून रिंगमध्ये उतरलाच नव्हता हे तरी त्याला कोणी सांगितलं होतं का? 2022 मध्ये रायपूरला एलियासू सुलेला दुसऱ्या राउंडला पाडून तो परत जिंकला, म्हणजे आकडा परत वर. यादी पाठवायची तर खुशाल पाठवा, फक्त प्रत्येक नावापुढे किती फाइट, शेवटची कधी आणि नॉकआउटला किती मार्क धरले ते पण टाका, मग बघू ग्रुपवर किती जण पुढे ढकलतात.