बेथेल गावावर काहीही ‘लादलं’ नव्हतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक स्पष्टवक्ता’ यांस,

वुडस्टॉक, म्हणजे 1969 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी झालेला तो मोठा संगीत उत्सव. त्यावरच्या व्याख्यानाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता : “गावावर लादलेल्या गांजेकसांच्या उरुसाला स्थानिक इतिहास म्हणणं हा त्या गावाचा अपमान आहे. अमेरिकेत राहून काकूंना चिखलात लोळणाऱ्यांचं कौतुक सुटलंय.” शिवाय लेख लांबलाय, संगीताबद्दल त्यात काहीच नाही आणि रविशंकरांचा मनस्ताप मी दडपला, असंही.

तुमचं मत वेगळं असायला माझी काहीच हरकत नाही. पण स्वतःचं नाव लपवायचं आणि दुसरीला ‘काकू’ म्हणून हिणवायचं, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. शेजारच्या घरातल्या बाईशी तोंडावर या भाषेत बोलला असतात का?

रविशंकरांचं मान्य. त्यांची नाराजी मी एका ओळीत उरकली, ती सविस्तर यायला हवी होती. शुक्रवारी रात्री पावसात ते वाजवायला बसले, तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. समोरचा प्रकार त्यांना रुचला नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलंय. पण एका ओळीत का होईना, ते लेखात होतं. दडपलं म्हणू नका.

आता ‘लादलेला’. हा शब्द मला फार लागला, कारण ते अख्खं व्याख्यान याच प्रश्नावर होतं. उत्सव आधी व्हायचा होता न्यूयॉर्क राज्यातल्याच वॉलकिल गावाला. तिथल्या लोकांनी विरोध केला आणि जुलै 1969 मध्ये परवानगी नाकारली गेली. म्हणजे नको असेल तर नाही म्हणता येत होतं. जेमतेम महिना उरला असताना बेथेलच्या मॅक्स यास्गरने आपली जमीन भाड्याने दिली. हा काही हिप्पी नव्हे. दुधाचा धंदा करणारा, रिपब्लिकन पक्षाचा, व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा असलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस. त्याचं दूध घेऊ नका, अशी पाटी लागली, तेव्हा तो उलट हट्टाला पेटला. पुढे काही लोक त्या पोरांना पाणी विकताहेत असं कळल्यावर त्यानेही आपल्या कोठारावर पाटी लावली : पाणी फुकट. बेथेलजवळच्या मॉन्टिसेलोच्या ज्यू कम्युनिटी सेंटरमधल्या बायकांनी हजारो सँडविच करून पाठवली. आणि उत्सव उरकल्यावर शेजाऱ्यांनी याच यास्गरवर नुकसानभरपाईचे दावेही लावले. हे सगळं त्याच परिसरातल्या माणसांनी केलं. याला स्थानिक इतिहास नाही तर काय म्हणायचं?

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, त्या पोरांनी आमच्या कुंपणाचे खांब उपटून शेकोटीत घातले आणि माझी आई त्यांच्यासाठीच दिवसभर अंडी उकडत होती. दोन्ही गोष्टी एका दमात. आवाजात राग होता आणि अभिमानही होता. गावाचा अपमान झाला असं त्यांना वाटत असतं, तर त्या चार पायऱ्या चढून काठी टेकत तिथे आल्या नसत्या.

मला हे कळतं, कारण मी लोणंदची आहे. माउलींची पालखी मुक्कामाला आली की गावाच्या कितीतरी पट माणूस गावात उतरतं. आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची, आडाचं पाणी तळाला जायचं, परसातली केळ आडवी व्हायची. वडील चिडायचे आणि आई पिठलं-भाकरी करत राहायची. श्रद्धेची तुलना मी करत नाही, तेव्हा तो वाद काढू नका. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात चार लाखांवर माणसं आल्यावर घराघरात काय होतं, एवढंच सांगते आहे. ते मी जगले आहे. तुम्ही जगला असाल तर तसं लिहा.

गांजा होता, नाही कोण म्हणतंय? शेतात झोपलेला सतरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टरखाली गेला, तेही माझ्या लेखात आहे. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

संगीतावर व्याख्यान नव्हतंच, म्हणून लेखात ते नाही. लांबीबद्दल मला काही बोलायचं नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा नावानिशी लिहा.