वाद्ये पाहण्याचा प्रसंग

चित्रांच्या संग्रहालयात चित्रे पाहायची असतात आणि नाण्यांच्या संग्रहालयात नाणी, त्यामुळे तेथे जाणाऱ्या माणसाला आपण नेमके काय करायचे आहे याविषयी संभ्रम पडत नाही. ऐतिहासिक वाद्यांच्या संग्रहालयाची गोष्ट वेगळी आहे. जी वस्तू कारागिराने जन्मभर खपून कानांसाठी घडवली, ती तेथे डोळ्यांनी पाहायची असते. आणि ज्या दालनात शेकडो वाद्ये जमलेली आहेत, त्या दालनात ऐकू येते ती प्रेक्षकांच्या बुटांची करकर, कोणाची तरी दाबून ठेवलेली खाकर आणि हवेतला दमटपणा बेताचा राखणाऱ्या यंत्राची अखंड घरघर. ही घरघर षड्जात आहे की पंचमात, एवढाच काय तो त्या दालनातला सांगीतिक प्रश्न, आणि तोदेखील माझ्या मामांनी उपस्थित केला म्हणून.

मामा तरुणपणी गाणे शिकत होते आणि ते शिक्षण अर्ध्यावर राहिले. माझा अनुभव असा आहे की पूर्ण शिकलेला गवई मैफलीपुरता गातो, परंतु अर्धवट शिकलेला माणूस ते उरलेले अर्धे गाणे सोबत्यांवर जन्मभर पुरवून पुरवून खर्च करतो. त्यातच मामांना प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय आहे, आणि वाद्यसंग्रहालयातल्या पाट्या वाद्यांपेक्षा पुष्कळच बोलक्या असतात.

प्रवेशालाच वाद्यांच्या वर्गीकरणाचा एक भलामोठा तक्ता होता आणि तेथे आमचा पहिला मुक्काम पडला. तार छेडून वाजणारी, फुंकून वाजणारी, कातडे ताणून मढवलेली आणि अंगच आपटून वाजणारी असे चार वर्ग पाहताच मामांना भरताचे नाट्यशास्त्र आठवले. ‘‘तत, सुषिर, अवनद्ध आणि घन! हे तर आपलेच आहे!’’ असे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडचे दोन प्रेक्षक आपण कोणाचे काय घेतले हे तपासू लागले. मामांचा आनंद अगदीच निराधार नव्हता. बंगालमधले संगीतज्ञ शौरींद्रमोहन ठाकूर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट म्हणून पाठवली, त्यानंतरच्या वर्षी ब्रुसेल्समध्ये वाद्यसंग्रहालय स्थापन झाले, आणि त्याचे पहिले अभिरक्षक व्हिक्टर-शार्ल माईयों यांनी वाद्यांची जी चार वर्गांत मांडणी केली ती भरताच्या मांडणीशी जुळते. त्याच पायावर हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन वाद्याभ्यासकांनी १९१४ मध्ये आज जगभर चालणारे वर्गीकरण उभारले. मात्र या दोघांनी प्रत्येक वाद्याला क्रमांकही बहाल केला. त्यांच्या हिशेबी व्हायोलिन म्हणजे ३२१.३२२-७१. एखाद्याचे काळीज पिळवटून टाकण्याची ताकद असलेल्या वाद्याला असा क्रमांक द्यावा, यावरून विद्वानांच्या काळजाची थोडीफार कल्पना येते. मामांनी हा क्रमांक तिकिटाच्या मागे टिपून घेतला. त्याचा उपयोग ते कसा करणार आहेत याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पुढच्या कपाटात हाडाची एक बासरी होती, म्हणजे तिची प्रतिकृती. मूळ बासरी जर्मनीतल्या होले फेल्स या गुहेत २००८ मध्ये सापडली. ती गिधाडाच्या पंखातल्या पोकळ हाडाची असून सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. जगातल्या अतिप्राचीन वाद्यांपैकी एकासमोर आपण उभे आहोत या जाणिवेने अंगावर काटा यावा म्हणून मी मनाची तयारी करत होतो, इतक्यात मामा म्हणाले, ‘‘पाचच छिद्रे? मग यमनाचे काय करत असतील?’’ चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगातल्या माणसाच्या वतीने मी काहीतरी उत्तर द्यावे अशी त्यांची अपेक्षा दिसली. मी काचेत पाहिले. अशा संग्रहालयांतल्या काचा इतक्या स्वच्छ असतात आणि दिवे अशा बेताने लावलेले असतात की वाद्याच्या मागे दुसरे काही दिसो वा न दिसो, आपले स्वतःचे नाक हमखास दिसते. त्या दिवशी मी जितकी वाद्ये पाहिली ती सगळी माझ्या नाकासह पाहिली.

मग तंतुवाद्यांचे दालन लागले आणि मूळ वादाला तोंड फुटले. ‘‘ही वाजवत का नाहीत?’’ हा मामांचा प्रश्न तसा रास्त आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच रास्त आहे. जुने लाकूड तारांचा ताण सोसत नाही. शेकडो वर्षे कोरड्या राहिलेल्या लाकडी बासरीत माणसाचा उष्ण, ओलसर श्वास शिरला की ती आतून फुगते आणि चिरते. आणि वाजती करण्यासाठी दुरुस्ती करायला घेतली तर नेमके जे जपायचे तेच काढून टाकावे लागते. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या पियानोच्या जनकाने बनवलेले तीनच पियानो आज शिल्लक आहेत, न्यूयॉर्कमध्ये १७२०चा, रोममध्ये १७२२चा आणि लाइपझिगमध्ये १७२६चा. त्यांपैकी न्यूयॉर्कचा वाजतो, पण ज्या फळीमुळे आवाज घुमतो ती फळीच १९३८ मध्ये बदललेली आहे. मी हे सगळे समजावून सांगितल्यावर मामांनी शांतपणे विचारले, ‘‘म्हणजे वाजले तर ते त्याचे नव्हे, आणि त्याचे असेल तर ते वाजायचे नाही, असेच ना?’’ या प्रश्नाने भल्याभल्या अभिरक्षकांची झोप उडालेली आहे, त्यामुळे मी निरुत्तर झालो यात मला कमीपणा वाटत नाही.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात स्ट्रॅडिव्हरी या विख्यात इटालियन कारागिराने १७१६ मध्ये बनवलेले ‘मसीहा’ नावाचे व्हायोलिन आहे. ते त्याने स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७३७ पर्यंत, आपल्याचजवळ ठेवले आणि पुढेही ते इतके कमी वाजवले गेले की आज ते कालच बनवल्यासारखे दिसते. त्याची कीर्ती बव्हंशी या न वाजण्यावरच उभी आहे. हा न्याय सार्वत्रिक केला तर आमच्या घरी पलंगाखाली असलेल्या सतारीभोवती बंदूकधारी पहारा बसवावा लागेल. उलट जेनोआ शहराने थोर वादक पागानिनीचे, ग्वार्नेरी या कारागिराने १७४३ मध्ये बनवलेले व्हायोलिन जपून ठेवले आहे खरे, पण ते अधूनमधून बाहेर काढून नामवंत वादकांच्या हाती दिले जाते. मामांचा कौल अर्थातच जेनोआच्या बाजूने पडला. माझा कौल मी राखून ठेवला, कारण दालनातला रक्षक खुर्चीवरून उठून आमच्याकडे पाहू लागला होता.

त्याच्या संशयाला नंतर बळकटीच मिळाली. संग्रहालयाने वाद्यांचे आवाज ऐकवण्यासाठी प्रत्येकाला हेडफोन आणि आकड्यांची बटणे असलेले एक छोटे यंत्र दिले होते. कपाटावरचा क्रमांक दाबला की त्या वाद्याचा आवाज कानात वाजे. ही सोय ज्याने शोधली त्याने माझ्या मामांसारख्या माणसाचा विचार केलेला नसावा. मामा व्हायोलिनसमोर उभे राहिले, त्यांनी तिकीट उलटे केले आणि कपाटावरच्या क्रमांकाकडे ढुंकूनही न पाहता यंत्रावर ३२१ दाबले. यंत्राच्या यादीत ३२१ वर बॅगपाइप होता. सतराव्या शतकातल्या एका देखण्या व्हायोलिनकडे पाहत मामांनी तो संपूर्ण बॅगपाइप डोळे मिटून ऐकला, मधूनमधून समेवर मान हलवली, आणि शेवटी हेडफोन न काढताच, म्हणजे हेडफोन घातलेला माणूस ज्या पट्टीत बोलतो त्या पट्टीत, जाहीर केले, ‘‘आतड्याची तार आहे ना, म्हणून आवाजाला असा खरखरीतपणा आहे! हल्लीच्या पोलादी तारांत हे मिळायचे नाही!’’ शेजारच्या एका विद्यार्थिनीने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. मी तिला सावध करायला हवे होते असे कोणी म्हणेल, परंतु मामा तेव्हा हेडफोन घालून पुढच्या कपाटाकडे निघाले होते आणि त्यांना एकटे सोडणे अधिक धोक्याचे होते.

फुंकवाद्यांमध्ये त्यांनी सर्पंट पाहिले. हे वाद्य सापासारखे वेटोळे घालते आणि त्याची नळी सरळ केली तर साधारण अडीच मीटर भरेल. वादकाची बोटे छिद्रांपर्यंत पोहोचावीत म्हणून ती अशी वळवलेली असते. फ्रान्समधल्या चर्चमध्ये गायकांच्या खर्जाला ते साथ देत असे. मामांनी एवढेच विचारले की पुंगी कोणती आणि साप कोणता. त्याच्या पलीकडे भिंतीवर व्हियोम या कारागिराने पॅरिसमध्ये १८५० च्या सुमारास बनवलेल्या ऑक्टोबास या गजाने वाजवायच्या प्रचंड तंतुवाद्याचे पूर्ण आकाराचे चित्र होते. त्याची उंची सुमारे साडेतीन मीटर, तारा फक्त तीन, आणि त्या दाबायला बोटे पुरत नाहीत म्हणून हातापायांनी चालवायच्या दांड्या. ते वाजवायला वादकाला चौथऱ्यावर उभे राहावे लागते. गजाची फेक किती लांब असेल हे मला दाखवण्यासाठी मामांनी हात फैलावले, आणि त्यांचा उजवा हात सारंगीच्या कपाटापासून बोटभर अंतरावर थांबला. ‘‘हात लावलात?’’ रक्षकाने विचारले. मामांनी नाही म्हटले, पण ज्याची ‘‘नाही’’ ऐकण्याचीच नोकरी आहे, त्याचा त्यावर विश्वास कसा बसावा? तेथून पुढे तो दालनादालनांतून आमच्या मागे चालू लागला.

शेवटची खोली ‘स्वतः वाजवून पाहा’ अशी होती. तासन्‌तास हात मागे बांधून फिरलेल्या माणसांना एकदम वाजवायची मुभा मिळाली की काय होते ते तेथे पाहावे. मोठी माणसे ढोलकीला एका बोटाने, गरम तव्याला लावावे तसे, हात लावून पटकन मागे घेत होती. मुलांना अर्थातच असला संकोच नव्हता आणि त्यांनी चारही वर्ग एकाच वेळी वाजवायला घेतले होते. कोपऱ्यात मात्र एका पेटीवर पुन्हा तीच पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’. ते थेरेमिन होते. लेव तेरमेन या रशियन संशोधकाने १९२० च्या सुमारास बनवलेल्या या विजेच्या वाद्याला उभा एक आणि वळवलेला एक असे दोन अँटेना असतात. शरीर पहिल्याच्या जवळ गेले की सूर चढतो, दुसऱ्याच्या जवळ गेले की आवाज लहान होतो, आणि वाजवताना त्याला स्पर्श करायचाच नसतो. झाक्स यांना १९४० मध्ये अशा वाद्यांसाठी पाचवा वर्ग जोडावा लागला. त्या संपूर्ण इमारतीत ‘हात लावू नये’ ही पाटी वादनाची सूचना म्हणून फक्त तेथेच लावलेली होती.

मामा पाटी वाचण्यासाठी वाकले आणि पेटीने किंकाळी फोडली. रक्षक धावत आला. ‘‘हात लावलात!’’ या वेळी त्याने विचारलेसुद्धा नाही. आपण निर्दोष आहोत हे दाखवण्यासाठी मामांनी दोन्ही हात वर केले, त्याबरोबर सूर आणखी वर गेला. त्यांना बाजूला करण्यासाठी रक्षक स्वतः पुढे सरसावला, तेव्हा तो सूर तारसप्तक ओलांडून पलीकडे निघाला. मामांनी कान टवकारले, एक बोट वर करून रक्षकाला जागच्या जागी थांबवले आणि अत्यंत आदराने म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही जरा चढे लागता आहात. अर्धे पाऊल मागे सरा, म्हणजे निषाद बरोबर येईल.’’