कौशल्य मान्य, पण पैसा कोणाचा?

रमी-पोकर हे कौशल्याचे खेळ, म्हणून त्यावर पोट भरणारा माणूस वकील-डॉक्टरांसारखाच व्यावसायिक, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. कौशल्य मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला होता.

पण सुताराच्या कौशल्यातून खुर्ची तयार होते. पोकरच्या टेबलावर काय तयार होतं? पाच-सहा जणांनी आणलेलाच पैसा हात बदलतो आणि त्यातून खेळ चालवणारा आपला वाटा कापून घेतो. म्हणजे खेळणाऱ्यांच्या हाती एकूण रक्कम कमीच राहते. अशात एकाला महिन्याचं घर चालवायचं असेल, तर हरणारे कच्चे खेळाडू सतत येत राहायला हवेत. त्यांच्या घरांबद्दल लेखात एक ओळही नाही.

माझं बालपण परळच्या चाळीत गेलं. तेव्हा गिरणगावात मटका, म्हणजे आकड्यांवरचा जुगार, जोरात होता. शेजारचे काका गिरणीत साचे चालवायचे आणि पगार झाला की आकडा लावायचे. ओपन (पहिला आकडा) आला, क्लोज (नंतरचा आकडा) हुकला, एवढंच ऐकू यायचं. महिनाअखेरीला काकू आईकडे पीठ मागायला यायच्या, तेही दुपारी, चाळीत कोणी बघू नये म्हणून. आकडे लिहून घेणाऱ्याचं घर मात्र व्यवस्थित चाललं होतं.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंदी घातली. ज्यांची कमाई त्यामुळे थांबली त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. संभाव्यतेचं गणित इतकं पक्कं असलेली मुलं विमा क्षेत्राला, हवामान खात्याला हवीच आहेत.