बोगदा झाल्यावर दोन वर्षं कुठे जातात? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुणे मेट्रोच्या भुयारी टप्प्यावरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि मुद्देसूद लिहिलंत. त्यावर नुसते आभार मानून गप्प बसणं बरोबर नाही, म्हणून हे उत्तर. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्वारगेटपर्यंतचे बोगदे जून २०२२ मध्येच खणून झाले होते, तर तिथे गाडी धावायला सप्टेंबर २०२४ का उजाडलं? हा निव्वळ ढिसाळपणा, आणि मी त्यावर तांत्रिक कारणांचं पांघरूण घालतोय. दिल्लीत तिथल्या मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मुदतीआधी काम करून दाखवलं. मुंबईत वरळीच्या स्टेशनात पाणी शिरलं, म्हणजे भुयारी मेट्रोचा निर्णयच चुकला. एवढं करून डबे रिकामे धावतात, त्यापेक्षा बस घ्यायला हव्या होत्या. आणि शेवटी एक ओळ: स्टेशनच्या जिन्यांनी फुटपाथ खाल्ले. ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. माझ्या मते तोच तुमचा सर्वांत मोठा मुद्दा आहे आणि बाकीच्या चारही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

बोगदा आणि खांब ही मेट्रोच्या कामातली त्यातल्या त्यात अंदाजात बसणारी कामं आहेत. मेट्रो अडते ती रस्त्याला भिडते त्या जागी: प्रवेशद्वार, जिना, रस्त्याखालची जलवाहिनी, शेजारच्या वाड्याची भिंत.

आधी त्या दोन वर्षांचं बघू. टनेल बोअरिंग मशीन बाहेर पडलं, फोटो छापून आले, म्हणजे हातात काय आलं? काँक्रीटच्या तयार तुकड्यांचं, म्हणजे सेगमेंटचं, अस्तर असलेली एक लांब नळी. आत माती वाहून नेणाऱ्या गाड्यांचे तात्पुरते रूळ, पाण्याचे पाइप, हवेची नळी आणि केबल. हे सगळं आधी बाहेर काढावं लागतं. मग दोन समांतर बोगद्यांना जोडणारे आडमार्ग खणायचे. एका बोगद्यात आग लागली तर प्रवाशांनी दुसऱ्यात जायचं ते यातून. अस्तराच्या कड्याला आधार देऊन, ठरलेले सेगमेंट कापून, पुढचा भाग थोडा थोडा खणत जायचा. इथे मशीनच्या पोलादी कवचाचं संरक्षण नसतं. तळाचं काँक्रीट, रूळ बसवायचे काँक्रीटचे ओटे (प्लिंथ), कडेची चालवाट, छताला कडक वाहकपट्टीची २५ केव्ही विद्युत यंत्रणा, सिग्नल, पंप, धूर ओढणारे पंखे हे त्यानंतर. भुयारात काम करायच्या जागा मोजक्या आणि सामान उतरवायचे शाफ्ट, म्हणजे उभे खड्डेही मोजकेच, त्यामुळे एका टोळीचं काम उरकल्याशिवाय दुसरी आत शिरू शकत नाही.

आडमार्ग वाटतात तेवढे किरकोळ नसतात. कोलकात्यात बहूबाजारला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मशीनने जमिनीतला पाण्याचा साठा फोडला, पाण्याबरोबर माती बोगद्यात वाहून आली आणि वरची घरं खचली. हे बहुतेकांना आठवतं. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच वस्तीत पुन्हा भिंतींना तडे गेले, तेव्हा तिथले बोगदे खणून झाले होते. पाणी आलं ते आडमार्ग खणताना. एस्प्लनेड ते सियालदा हा तुकडा सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडलं. पुण्याचा बेसाल्ट कोलकात्याच्या गाळापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे, तरी त्यातही भेगा असतात आणि भेगांत पाणी असतं.

मात्र पुण्यात खरा वेळ खाल्ला तो स्टेशनांनी. कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्टेशनं दाट वस्तीच्या पोटात आहेत. स्टेशनची पेटी वरून खाली खणायची म्हणजे आधी चहूबाजूंनी आधारभिंत, मग काही मीटर माती-मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. उघड्या माळावर हा कातळ सुरुंगाने फुटतो. इथे शेजारी जुने वाडे आणि महात्मा फुले मंडईची एकोणिसाव्या शतकातली इमारत. पुरातन वास्तूंसाठी कमी वारंवारतेच्या कंपनांची मर्यादा सेकंदाला २ मिलिमीटर इतकी कडक धरतात. ती पाळायची तर सुरुंग जवळपास बाद, आणि ब्रेकरने ठोकत बसायचं. आसपासच्या भिंतींवर तडामापक, झुकावमापक, रस्त्यावर खचण्याच्या खुणा, जमिनीत पाण्याची पातळी बघणाऱ्या नळ्या. एखाद्या भिंतीचं माप इशाऱ्याच्या रेषेवर गेलं की खोदाई थांबते, आधार वाढवला जातो, पुन्हा सुरू होते. हे थांबणं बाहेरून आळस दिसतं. माझ्या मते तेच कामाचं सर्वांत जबाबदार रूप आहे.

प्रवेशद्वारं तर याहून किचकट. भुयारी स्टेशनच्या रचनेत जगभर वापरला जाणारा निकष असा: फलाट ४ मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि प्रवासी ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचले पाहिजेत. किती जिने, किती रुंद, हे त्यावरून ठरतं. म्हणजे फलाट झाला, रूळ झाले, गाडी तयार आहे, पण सुटकेचे ठरलेले जिने वर उघडले नाहीत तर स्टेशन प्रवाशांसाठी खुलं करता येत नाही. आणि जिना उघडायचा कुठे, तर पेठेत, जिथे जागेचा मालक एक, भाडेकरू चार, खाली दुकान आणि पुढे हातगाडी. मुंबईत काळबादेवी आणि गिरगावला हाच पेच होता. रस्ते इतके अरुंद की स्टेशनचा भाग आतून बोगद्यासारखा खणावा लागला आणि वरच्या काही इमारतींतल्या रहिवाशांचं पुनर्वसन करावं लागलं. या मार्गाच्या, म्हणजे मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ च्या, बोगद्यांचं खोदकाम नोव्हेंबर २०२२ अखेर पूर्ण झालं. आरेपासून कफ परेडपर्यंतचा ३३.५ किलोमीटरचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. तिथे जवळजवळ तीन वर्षं लागली. त्यात गाड्या ठेवायच्या कारशेडच्या जागेवरून आधी झालेल्या वादाचाही वाटा आहे, ते नाकारत नाही.

शेवटचे काही महिने चाचण्यांचे. डब्यांत प्रवाशांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या रचून वेगवेगळ्या वेगांत गाडी पळवतात, डबा किती हेलकावतो आणि इमर्जन्सी ब्रेक लावल्यावर किती अंतरात थांबते ते मोजतात. पंखे, सिग्नल, दरवाजे एकमेकांशी जुळतात का ते बघतात. मग मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. त्यांनी त्रुटी काढल्या की त्या दुरुस्त करून पुन्हा दाखवायच्या. इथे घाई करा असं कोणी म्हटलं तर माझा ठाम विरोध राहील.

आता वरून जाणाऱ्या मार्गाकडे या, कारण ‘खांब उभे राहिले की झालं’ असं तुम्ही लिहिलंय. दोन खांबांमधला साधारण २५ ते ३० मीटरचा पुलाचा भाग (स्पॅन) लाँचिंग गर्डर, म्हणजे खांबांवर बसणारं उचल यंत्र, काही दिवसांत टाकतो. काँक्रीट ओतायच्या कास्टिंग यार्डात स्पॅनचा प्रत्येक सेगमेंट आधीच्या सेगमेंटला टेकवूनच ओततात, म्हणजे तोंडं बरोबर जुळतात. जागेवर ते ओळीने टांगायचे, सांध्यांना इपॉक्सी लावायचं, आतून केबल ओढून ताण द्यायचा, स्पॅन तयार. याउलट एका खांबाचा पाया महिनोन् महिने अडू शकतो, आणि अडवणारी वस्तू असते एखादी जुनी जलवाहिनी.

क्रम असा असतो. खांबाच्या जागी आधी मजुरांकडून हाताने चाचणी खड्डा खणतात. थेट मशीन घातलं तर नकाशात नसलेली वाहिनी फुटते, आणि नकाशात नसलेल्या वाहिन्या जुन्या रस्त्यांखाली हमखास सापडतात. पाण्याची मोठी वाहिनी निघाली तर शेजारून नवी टाकायची, दाबाखाली तपासायची, मग जुनी तोडून नवी जोडायची. त्या जोडणीला पाणीपुरवठा बंद ठेवावा लागतो. पुण्यात त्यासाठी गुरुवार बघतात. एखादा गुरुवार हुकला, सांधा गळाला, की पुढची तारीख. वाहिनी महापालिकेची, वीजकेबल महावितरणची, रस्ता बंद करायची परवानगी वाहतूक पोलिसांची. गणपतीत पेठांमध्ये खोदकाम बंद. एकट्या पायासाठी एवढ्या दारांवर जायचं असतं आणि वाहिनी हलली नाही तर पायासाठी खोल भोक पाडणारं यंत्र (पाइलचं रिग) दुसऱ्या खांबाकडे न्यावं लागतं. रस्त्यावर मध्येच दोन खांब उभे, तिसरा गायब, चौथा उभा असं दिसतं त्याचं कारण बहुधा हेच. २०२१ मध्ये लकडी पुलावरचं काम थांबलं तेही रस्त्याच्याच प्रश्नावर: विसर्जन मिरवणुकीतले उंच रथ मेट्रोच्या पुलाखालून जाणार कसे, हा गणेश मंडळांचा आक्षेप होता. हा प्रश्न आराखडा करतानाच मंडळांना बोलावून सोडवता आला असता. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे.

श्रीधरन यांच्या दिल्लीबद्दलही याच अंगाने सांगतो. पहिला तुकडा, शाहदरा ते तीस हजारी, २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला आणि पहिल्या टप्प्याचे सुमारे ६५ किलोमीटर २००६ पर्यंत पूर्ण झाले. साइटवर उलटी मोजणी करणारी घड्याळं होती, हे खरं. पण घड्याळाने खांब उभा राहत नाही. जमीन आणि वाहिन्या आधी मोकळ्या करणं, जागच्या जागी निर्णय घेण्याचे अधिकार आणि वरून ढवळाढवळ नसणं, हे त्या कामाचं बळ होतं. पुण्यात-मुंबईत ‘श्रीधरन हवे होते’ म्हणताना आपण माणूस मागतो. मागायला हवी ती पद्धत: प्रवेशद्वारांच्या जागा आणि वाहिन्या यांचा निकाल लागल्याशिवाय त्या स्टेशनचं मुख्य कंत्राट सुरू करायचं नाही. उद्घाटनाची तारीख आधी जाहीर करून जमीन नंतर शोधायची, हा आपल्याकडचा खरा रोग आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

वरळीचं पाणी. २६ मे २०२५ रोजी आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं, ते काम चालू असलेल्या प्रवेश-निर्गमाच्या बाजूने. तिथली पाणी अडवणारी तात्पुरती भिंत पावसाच्या लोंढ्यापुढे टिकली नाही. पूर्ण झालेल्या प्रवेशद्वाराला रस्त्यापेक्षा उंच उंबरठा असतो, पावसाळ्यात बसवायच्या फळ्यांची सोय असते. अर्धवट दाराला यातलं काही नसतं. यावरून भुयारी मेट्रो चुकीची ठरत नाही. अर्धवट दार ठेवून पावसाळ्याच्या तोंडावर स्टेशन उघडणं चुकीचं ठरतं.

रिकामे डबे आणि बस. तीन डब्यांच्या गाडीत सुमारे ९७० माणसं मावतात. गाडी ७ मिनिटांनी सोडली तर तासाला एका दिशेने जेमतेम ८,३०० माणसांची क्षमता, ३ मिनिटांनी सोडली तर १९,४००. मार्ग तोच, खर्च झालेला तोच, फरक गाड्यांच्या संख्येचा. गाडीला वेळ लागतो म्हणून माणूस दुचाकी काढतो, आणि माणूस नाही म्हणून गाड्या वाढत नाहीत. हे कोडं आधी गाड्या वाढवूनच सुटतं. बसचं म्हणाल तर १२ मीटरच्या बसमध्ये ६० माणसं धरली तर तेवढ्याच ८,३०० माणसांना तासाला १३८ बस लागतात, म्हणजे दर २६ सेकंदाला एक. कर्वे रस्त्याच्या सिग्नलमधून हे जमणार नाही. तासाला दोन-तीन हजार माणसं असलेल्या मार्गावर मात्र बसच योग्य आणि तिथे मेट्रोचा आग्रह धरणं ही पैशाची नासाडी. २०१७ च्या मेट्रो धोरणाने पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास सक्तीचा केला तो त्यासाठीच. पुण्याला दोन्ही हवं आहे, आणि स्टेशनपाशी बस उभी राहायला जागा हवी आहे.

त्यावरून फुटपाथ. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. जिना त्यातच उतरवला, शेजारी डीपी बॉक्स आणि झाड ठेवलं, की माणूस रस्त्यावर येतो. वरून आलेला प्रवासी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर रिक्षा आणि दुचाकी यांच्यामध्ये सापडतो, आणि वयस्कर माणूस दुसऱ्या दिवशी मेट्रो टाळतो. उपाय आहे: जिना शेजारच्या आवारात आत उतरवायचा. महापालिकेची मैदानं, सरकारी कार्यालयं, पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्या यांच्याकडून पाच-सहा मीटरची पट्टी घ्यायची, खासगी असेल तर बदल्यात चटईक्षेत्र द्यायचं. हे आराखड्याच्या वेळी होतं. खांब पडल्यावर जिन्याची जागा हलवणं फार अवघड.

तुम्ही कोणत्या स्टेशनबद्दल लिहिलंत ते कळवा. टेप घेऊन जिन्याची बाहेरची कड ते रस्त्याचा कर्बस्टोन हे अंतर मोजा, मध्ये खांब किंवा बॉक्स असेल तर त्याच्यापासूनचं वेगळं मोजा, आणि दोन्ही आकडे फोटोसह पाठवा. इतर वाचकांनीही पाठवले तर स्टेशनवार तक्ता करून क्षेत्रीय कार्यालयाला आणि मेट्रोला देऊ. अर्जाचा मसुदा मी लिहितो.