नोहाला मनूच्या नावेत कोंबू नका

दोन आठवड्यांवर बारसं आलेल्या घरात नेमकी ही पोस्ट पोचली, म्हणून लिहायला बसावं लागलं. पोस्टचं म्हणणं असं: ‘नोआ’ (बायबलातल्या महापुरात तारू म्हणजे मोठी नाव बांधून वाचलेला नोहा) हे मूळचं संस्कृत नाव, ‘नौका’वरून आलेलं. नोआ म्हणजे आपलाच मनू, ‘मनुः’तला फक्त ‘म’ गळाला आणि शेवटचा ‘ह’ नोहात राहिला. इस्राएलमध्ये मुलांचं सगळ्यांत लाडकं नाव हेच. तेव्हा बिनधास्त ठेवा, स्पेलिंग एन-ओ-ए.

नाव छान आहे, खुशाल ठेवा. पण या कारणांसाठी नको.

आधी ती नौका. हिब्रूत हे नाव दोन अक्षरांचं आहे, नून आणि हेत. उच्चार ‘नोअख’च्या जवळचा, शेवटचा ख घशातून खरवडून काढलेला. ग्रीकमध्ये हा आवाज लिहायची सोय नव्हती, तिथे ‘नोए’ झालं. अरबीत ‘नूह’, मराठी बायबलात ‘नोहा’. धातूचा अर्थ टेकणं, विसावणं. बायबलाच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तारू अरारातच्या डोंगरांवर ‘टेकलं’, तिथलं क्रियापद याच धातूचं. नोहाने सोडलेल्या कबुतराला पाय टेकायला जागा मिळाली नाही, तिथला ‘जागा’ हा शब्दही त्याच धातूचा. ज्याने ती गोष्ट रचली त्याला आपण नावाशी खेळतोय हे पक्कं ठाऊक होतं.

आणि बोट? मूळ शब्द ‘तेवा’, म्हणजे पेटी. पुढे इस्राएली लोकांचा पुढारी झालेल्या मोशेला बाळ असताना ज्या टोपलीत ठेवून नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडलं, तिलाही हाच शब्द आहे. 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच अशी मापं दिली आहेत. शिडाचा, सुकाणूचा उल्लेखच नाही. मराठी बायबलात ‘तारू’ म्हटल्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे गलबत येतं, एवढंच. शिवाय नाव ठेवलं बापाने, लामेखाने, जन्माच्या वेळी. पूर आला तेव्हा नोहा 600 वर्षांचा होता. बारशाच्या दिवशी कुठली नौका?

(लामेख तिथे ‘हा आमचं सांत्वन करील’ असं म्हणतो, आणि सांत्वनाचा धातू वेगळा आहे. ही विसंगती आजच्या कुणी शोधलेली नाही. ‘बेरेशीत रब्बा’ या जुन्या ज्यू भाष्यग्रंथात रब्बी (धर्मपंडित) योहानान सरळ सांगतो की नाव आणि स्पष्टीकरण जुळत नाही; एक तर ‘हा विसावा देईल’ म्हणायला हवं होतं, नाहीतर नाव सांत्वनाच्या धातूवरचं ‘नहमान’ ठेवायला हवं होतं.)

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. संस्कृत ‘नौ’, ग्रीक ‘नाउस’, लॅटिन ‘नाविस’ आणि त्यावरून इंग्रजी ‘नेव्ही’ हे खरोखरच एका कुळातले शब्द. पोस्टवाल्याने हे कुठेतरी वाचलं आणि हिब्रूलाही त्याच पंगतीला बसवलं. हिब्रू त्या कुळातली नाही.

मनूचं तर विचारूच नका. ‘मनु’ हा ‘मन्’ धातूवरून, म्हणजे विचार करणं. तो ‘म’ काढला की धातूच मोडतो. ‘मनुः’मधला विसर्ग हा प्रथमेचा प्रत्यय, आणि ‘नोहा’तला ‘ह’ हे मुळातलं अक्षर. हे दोन ‘ह’ एक म्हणायचे, तर मग ‘हरिः’मधलाही घ्या. गोष्टी मात्र सारख्या आहेत, ते खरं. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हात धुवायच्या पाण्यात छोटा मासा येतो, पुढे त्याच्याच शिंगाला नावेचा दोर बांधला जातो. पण गिल्गामेश या प्राचीन मेसोपोटेमियातल्या महाकाव्याच्या अकराव्या पाटीवरचा पूर बायबलातल्या पुराशी याहून कितीतरी जास्त जुळतो, पक्षी सोडण्यापर्यंत, आणि तिथे नायकाचं नाव आहे उतनपिश्तिम. त्यातून ‘नोहा’ काढून दाखवा! गोष्ट गावोगाव फिरते, नाव जागोजाग बदलतं.

लोकप्रियतेचा मुद्दा देश चुकवून मांडलाय. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या यादीत ‘नोआ’ 2013 ते 2016 मुलांमध्ये पहिला होता, नंतर ‘लियाम’ वर गेला. इंग्लंड-वेल्समध्ये 2021 आणि 2022 ला पहिला. इस्राएलमध्ये जे ‘नोआ’ अनेक वर्षं यादीच्या डोक्यावर होतं, ते मुलींचं नाव. ते वेगळंच आहे: हेतऐवजी आयिन हे अक्षर, अर्थ हालचाल. म्हणजे विसाव्याच्या जवळजवळ उलट. बापाला मुलगा नव्हता म्हणून वारसा मागायला मोशेपुढे उभ्या राहिलेल्या सलाफहादच्या पाच मुलींपैकी एक ही नोआ.

एन-ओ-ए हे त्या मुलींच्या नावाचं स्पेलिंग, म्हणूनच तो सल्ला सगळ्यांत वाईट. देवनागरीत दोन्ही ‘नोआ’च दिसतात, घोळ होतो तो रोमन लिपीत. मुलाला हवं असेल तर शेवटी एच लावा, आणि जन्मदाखल्यावरच लावा, कारण पुढे शाळा आणि पासपोर्ट त्या दाखल्यावरचंच स्पेलिंग उचलतात. मराठी रकान्यात ‘नोहा’ लिहिलंत तर तो ‘ह’ दोन्हीकडे राहील.