शांत झोपेचा कर

स्वाहिलीत रात्री निरोप घेताना 'लाला सलामा' म्हणतात. लाला म्हणजे झोप, आणि सलामा हा आपल्या 'सलामत'च्याच घरातला शब्द, दोघांचं मूळ अरबी. सुखरूप झोपा. पूर्व काँगोच्या किवू भागातल्या कित्येक गावांत हेच एका कराचंही नाव आहे. डोंगरावर ज्या टोळीचा तळ असेल तिची माणसं गावात येतात आणि घरटी पैसे घेतात. पैसे नसतील तर पीठ, कोंबडी, कसावा (ज्याचा आपण उपासाला साबुदाणा खातो तेच कंद). कारण काय, तर आम्ही पहारा देतो म्हणून तुम्ही झोपता. पहारा कोणापासून? पलीकडच्या डोंगरावरच्या टोळीपासून. ती टोळी तिकडच्या गावात हेच सांगून हेच घेते.

काही ठिकाणी पैसे भरल्याची चिठ्ठी मिळते, तिला 'जेतों' म्हणतात. चिठ्ठी जवळ नसली तर शेतावर जाताना अडवतात, मारतात, कामाला जुंपतात.

चौथ आणि सरदेशमुखी आपण शाळेत पाठ केली ती कायम घेणाऱ्याच्या बाजूने. देणाऱ्याला ती कशी दिसत असेल हा प्रश्न मला किवूबद्दल वाचताना पहिल्यांदा पडला. यावरून भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण पुढचं वाचून भांडा.

लिहायला बसले त्याचं कारण वॉशिंग्टनचा फोटो. ४ डिसेंबर २०२५ रोजी काँगोचे राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी आणि रवांडाचे कागामे यांनी ट्रम्पसमोर शांतता करारावर सह्या केल्या. 'आणखी एक युद्ध संपलं' म्हणून फोटो फिरला. आठवडा उलटायच्या आत एम२३ हे रवांडाचा पाठिंबा असलेले बंडखोर टांगानिका तळ्याकाठच्या उविरा शहरात शिरले, आणि हजारो माणसं गाठोडी घेऊन बुरुंडीच्या सीमेकडे पळाली. पुढे अमेरिकेने डोळे वटारल्यावर माघारीची घोषणा झाली. पण गंमत अशी की त्या करारात एम२३ नव्हतेच, त्यांच्याशी बोलणी वेगळी, दोह्याला चालू होती. आणि गावातली माणसं तर दोन्हीकडे नव्हती.

एम२३ हे नावच एका तहाच्या तारखेचं आहे. २३ मार्च २००९. त्या दिवशी काँगो सरकारने तेव्हाच्या तुत्सी जमातीच्या बंडखोरांशी तह केला आणि त्यांची फौज आहे तशी सरकारी सैन्यात घेतली. त्यातलाच एक बोस्को न्तागांडा. लोक त्याला 'टर्मिनेटर' म्हणायचे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट त्याच्या नावावर २००६ पासून होतं. तरी हा माणूस सैन्यात जनरल झाला, गोमा शहरात उघड राहायचा, टेनिस खेळायचा. २०१२ मध्ये पुन्हा बंड झालं, कारण काय तर तहातली वचनं पाळली नाहीत, म्हणून तहाची तारीखच संघटनेचं नाव. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी गोमा घेतलं, काही दिवसांनी सोडलं, पुढच्या वर्षी हरले. बोस्को आपल्याच लोकांच्या भांडणात जीव वाचवायला रवांडाची राजधानी किगालीतल्या अमेरिकी वकिलातीत स्वतःहून गेला. २०१९ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. आणि त्याची संघटना? २०२१ च्या अखेरीस परत आली आणि २७ जानेवारी २०२५ रोजी तिने गोमा पुन्हा घेतलं. या वेळी सोडलं नाही.

तिथल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराने यातून काय शिकावं? शेती केलीस तर कर भरशील. बंदूक घेतलीस तर कर घेशील, आणि नशीब असेल तर पुढच्या तहात कर्नल होशील. मला विचाराल तर पूर्व काँगोत शंभराहून जास्त सशस्त्र गट का आहेत याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं १९९४ चं. रवांडात सुमारे ८ लाख लोकांची कत्तल झाली, बहुतेक तुत्सी. मग कत्तल करणारे हुतू कट्टरपंथीच हरले आणि दहा लाखांहून जास्त हुतू निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून सीमेपलीकडे काँगोत आले, बरेचसे गोमाला. छावण्यांमध्ये खुनी आणि निष्पाप एकाच रांगेत धान्य घेत होते. त्या खुन्यांच्या उरल्यासुरल्या फौजेतून पुढे एफडीएलआर ही संघटना झाली. रवांडा आजही तिचंच नाव पुढे करतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये लिहिलं की एम२३ बरोबर रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक आहेत. रवांडा म्हणतं, आमचा फक्त बचाव. म्हणजे तेही पहाराच देतात! काँगो सरकार काय करतं? एफडीएलआरला हाताशी धरतं, आणि गावोगावच्या टोळ्यांना 'वाझालेंडो' म्हणजे देशभक्त असं नाव देऊन एम२३ वर सोडतं. कालपर्यंत लाला सलामा वसूल करणारेच आज देशभक्त आहेत. वसुली थांबलेली नाही.

सरकारी शिपायाला तरी नावं कशी ठेवायची? जुना हुकूमशहा मोबुटू याच्या काळापासून तिथे 'कलम १५' नावाचा एक कडवट विनोद चालतो. राज्यघटनेत नसलेलं हे कलम सांगतं की आपलं आपण बघा. पगार महिनोन् महिने नाही, राजधानी दीड हजार किलोमीटर लांब, मग शिपाईही रस्त्यावर दोरी आडवी बांधतो. गोमा पडलं तेव्हा सरकारने भाड्याने आणलेले जवळजवळ तीनशे रोमेनियन शरण येऊन रवांडामार्गे घरी गेले. त्यांचा पगार महिन्याला हजारो डॉलर, शेजारी उभ्या असलेल्या काँगोली शिपायाचा शंभराच्या आसपास.

आता मोबाईलबद्दल. 'तुमच्या हातातल्या फोनला काँगोचं रक्त लागलंय' ही पोस्ट दर सहा महिन्यांनी येते. खोटी नाही. किवूतल्या रुबायाच्या खाणीतून कोल्टन हे खनिज निघतं, त्यातून जगातल्या टँटलमचा (फोनमध्ये लागणारा धातू) मोठा हिस्सा येतो, एम२३ ने ती २०२४ मध्ये घेतली, आणि तिथल्या कोल्टनवर ते महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर कर घेतात असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा हिशेब आहे. पण ही पोस्ट वाचून वाटतं की खाण बंद झाली की युद्ध बंद. तसं नाही. नाक्यावर कोल्टनइतकाच कोळशाच्या पोत्यावर, घेवड्यावर, केळ्यांच्या घडावर, मासिसीच्या चीजवर पैसा लागतो. माणूस नुसता चालत गेला तरी लागतो. ज्या भागात एकही खाण नाही तिथेही नाके आहेत. खाण असली तर बरंच, नसली तरी रस्ता असतोच, आणि रस्त्यावरून बाजाराला जाणारी बाई असतेच.

या बाईबद्दल जरा थांबून सांगते. गोमाभोवतीच्या छावण्यांत २०२४ मध्ये लाखो विस्थापित होते. घर म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या खडकावर काठ्या आणि ताडपत्री. धान्य कधी मिळायचं, सरपण नाही. सरपणासाठी विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात जावं लागायचं, आणि तिथे हत्यारबंद माणसं, कधी या बाजूची, कधी त्या. घरोघरी हिशेब मांडला जायचा. पुरुष गेला तर त्याला हेर म्हणून मारतील. बाई गेली तर बलात्कार होईल, पण बहुतेक जिवंत परत येईल. म्हणून बाई जायची. परत येऊन चूल पेटवायची. छावणीतल्या दवाखान्यांत अशा बायकांची नोंद हजारांत आहे, आणि बुकावू शहरातल्या पांझी रुग्णालयात डॉ. डेनिस मुक्वेगे १९९९ पासून अशाच बायकांवर शस्त्रक्रिया करत आले. २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावूही एम२३ कडे गेलं.

गोमा घेतल्यावर एम२३ ने सांगितलं, आता शांतता आहे, छावण्या मोडा, गावी जा. ताडपत्र्या उतरवल्या गेल्या. गावी घर जळलेलं, शेतात दुसराच कोणी, आणि डोंगरावर पुन्हा कोणीतरी पहारा द्यायला तयार.

माझा हा कराचा सिद्धांत सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. उत्तरेला बेनी आणि इतुरीकडे एडीएफ नावाची, मूळची युगांडाची टोळी आहे. २०१९ पासून इस्लामिक स्टेट तिला आपली म्हणते. ती रात्री येते आणि कोयत्याने कापते. जुलै २०२५ मध्ये कोमांडा गावात चर्चमध्ये रात्रीच्या प्रार्थनेला जमलेल्यांपैकी चाळीसच्या आसपास लोक मारले. अशांपुढे गावकऱ्याला लाला सलामा घेणारी टोळीसुद्धा बरी वाटत असेल, आणि टोळ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

आपला यात संबंध काय, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर किवूतलं किवांजा. ४ आणि ५ नोव्हेंबर २००८. बंडखोरांनी घराघरातून तरुण पुरुष बाहेर काढून मारले, ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीत किमान दीडशे. जेमतेम किलोमीटरभर अंतरावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता, आणि तळावर शंभरेक भारतीय जवान. अपहरण झालेला परदेशी पत्रकार शोधणं, मदत संस्थांच्या लोकांना बाहेर काढणं यात ते गुंतलेले होते. स्थानिक भाषा जाणणारा दुभाषा त्यांच्याकडे नव्हता. शेजारी काय चाललंय हे सगळं संपल्यावर कळलं. आपल्या सैनिकांनी त्या काळात तिथे लढायाही लढल्या आहेत, जीवही दिले आहेत, आणि मला त्यांची निंदा करायची नाही. पण दुभाषा नसलेला पहारा म्हणजे काय, हे त्या दोन दिवसांनी दाखवलं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांनी गोमाच्या बाजूला एक वर्ष काढलंय, किवांजानंतर बऱ्याच वर्षांनी. परवा त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा विचारलं, काका, लाला सलामा ऐकलंय का कधी? लगेच हसले. म्हणाले, "रोज! संध्याकाळ झाली की गावातल्या बायका पोरांना घेऊन यायच्या आणि आमच्या तारेच्या कुंपणाला लागून चटया टाकायच्या. आत घ्यायची परवानगी नाही. पोरं तारेतून ओरडायची, लाला सलामा, लाला सलामा. पहाटे उठून शेतावर."

मग मी त्यांना कराचं सांगितलं. कप हातात तसाच धरून बराच वेळ गप्प बसले.

"पावती द्यायचे?"

काही ठिकाणी द्यायचे म्हणे, काका.